टेकू दिलेल्या बंदुकीची गोष्ट

आपल्या मराठीत दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्याला कुणी चांगलं म्हणत नाही. बंदूक स्वतःच्या खांद्यावर, स्वतःच्या दमावर चालवावी, अशी आपली समजूत. त्यामुळे बेंचरेस्ट नावाच्या खेळाविषयी मी कुणाला सांगू लागलो, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, खुर्चीत बसायचं आणि चाप ओढायचा, यात कसब ते काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासातच शोधावं लागतं, म्हणून आज तीच गोष्ट सांगणार आहे.

इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर सुरू झाली. उद्घाटनाचा बार व्हिक्टोरिया राणीनं काढला. राणीसाहेबांनी रायफल हातात धरलीच नव्हती. ती एका लोखंडी चौकटीवर घट्ट बसवलेली होती. राणीनं फक्त रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या केंद्रापासून जेमतेम सव्वा इंचावर गोळी लागली. टाळ्या राणीला मिळाल्या. खरा मानकरी होता ती रायफल बनवणारा जोसेफ व्हिटवर्थ. आपल्याकडच्या जुन्या फिटर मंडळींना हे नाव अनोळखी नाही. नटबोल्टचे व्हिटवर्थ आटे ते याचेच. माणसाचा हात मधून काढून घेतला, तर बंदूक स्वतः किती खरं बोलते, हे त्या दिवशी जगानं पाहिलं.

हाच प्रश्न पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड गावी डॉ. फ्रँकलिन मान या गृहस्थांना चावला. माणूस शिक्षणानं डॉक्टर, पण पैसा मिळवला हाडं दळण्याची यंत्रं विकून, आणि तो सगळा वेळ घातला गोळीच्या मागे. बंदुकीसाठी त्यांनी काँक्रीटचा खांबच उभारला आणि त्याचं नाव ठेवलं जिब्राल्टर. वारा लागू नये म्हणून गोळीच्या वाटेवर कापडाचं लांबलचक आच्छादन घातलं. मग मुद्दाम गोळ्या बिघडवून त्या कुठं जातात ते पाहत बसले. त्यांना आढळलं, की गोळीचं टोक थोडं खराब झालं तर फारसं बिघडत नाही, पण तळाला इजा झाली तर गोळी भरकटते. या प्रयोगांवरचं त्यांचं पुस्तक १९०९ साली आलं. मला स्वतःला हा माणूस राणीपेक्षा जास्त आवडतो. स्पर्धा नाही, पदक नाही. एकच चौकशी: दोन गोळ्या एकाच भोकात का जात नाहीत?

आता ‘रिमफायर’विषयी. १८४५च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्लोबेर यानं ठिणगी पाडणाऱ्या टोपीतच छोटी गोळी बसवली. त्यात वेगळी दारू नव्हतीच. दिवाणखान्यात बसून नेम धरण्याची ती करमणूक होती. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी त्यात दारू भरून पॉइंट टू-टू शॉर्ट हे काडतूस आणलं. १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीचं ‘लाँग रायफल’ आलं. आजही जगभर क्लबांत वाजतं ते हेच. या काडतुसाच्या बुडाला पोकळ कड असते, तिच्यात पेट घेणारा मसाला असतो आणि कडेवर आघात झाला की बार होतो. मोठ्या काडतुसाची टोपी बदलून ते पुन्हा भरता येतं. हे एकदा वाजलं की संपलं. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा खेळ पुढे तिच्यावरच फिरणार आहे.

दिवाणखान्यातली ही करमणूक लोकांत पसरली ती मात्र एका युद्धामुळे. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेला नेमबाजीचा धडा शिकवला. कोलेन्सोच्या लढाईत लॉर्ड रॉबर्ट्स यांचा एकुलता एक मुलगा जखमी होऊन गेला. हे रॉबर्ट्स जन्मानं कानपूरचे. आपल्या साध्या नागरिकाला बंदूक धरता येत नाही, ही खंत घेऊन त्यांनी नेमबाजी क्लबांच्या चळवळीला बळ दिलं. १९०१पासून गिरणी कामगार, कारकून, दुकानदार यांचे क्लब निघू लागले. जागा थोडी, पैसा थोडा, म्हणून रायफल पॉइंट टू-टू आणि अंतर पंचवीस यार्ड. तळघरं आणि सभागृहं संध्याकाळी नेमबाजीची मैदानं झाली. छंद म्हणून आज आपण ज्याकडे पाहतो, तो असा युद्धाच्या तयारीतून वाढला. १९१४ साली महायुद्ध पेटलं, तेव्हा तोफा आणि मशिनगनपुढे त्या संध्याकाळच्या सरावाचा उपयोग किती झाला असेल, याचा विचार मनातून जात नाही. क्लब मात्र टिकले. युद्धाचं कारण मागे पडलं आणि खेळ उरला.

टेबलावरच्या नेमबाजीला स्पर्धेचं रीतसर रूप आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन्सटाउन इथं जमलेल्या मंडळींनी तिथं संघटना बांधली. ही मंडळी आपली काडतुसं स्वतः भरत, दारू गुंजेच्या हिशेबानं तोलत. रिमफायरवाल्यांना ती सोय नाही. कारखान्यातून आलेलं काडतूस जसं असेल तसं वापरायचं. मग कसब कशात? पहिलं कसब निवडीत. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन खेपा एकाच नळीतून वेगवेगळ्या वागतात. एका रायफलला मानवलेली खेप शेजारच्याच्या रायफलला मानवेल असं नाही. पिठाच्या गिरणीत एकच गहू दोन घरी वेगळी पोळी देतो, तसंच काहीसं.

दुसरं कसब वाऱ्याचं. ही गोळी अवघी अडीच-पावणेतीन ग्रॅमची, वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाहून थोडा कमी ठेवलेला. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला पन्नास यार्डांत सुमारे इंचभर ढकलतो. गंमत म्हणजे त्याच आकाराची जास्त वेगाची गोळी वाऱ्यानं कमी नाही, जास्तच सरकते. आवाजाच्या वेगाभोवती हवेचा अडसर एकदम वाढतो आणि नळीतून मिळालेला जास्तीचा वेग वाटेत पटकन उतरतो, म्हणून. बेंचरेस्टच्या कागदावर बहुधा पंचवीस छोटी लक्ष्यं असतात, प्रत्येकावर एकच गोळी, आणि साधारण वीस मिनिटं. नेमबाज आणि लक्ष्य यांच्यामध्ये वाऱ्याची निशाणं रोवलेली असतात. हात स्थिर आहे, श्वास अडचणीचा नाही, तेव्हा चूक झाली तर सबब सांगायला जागा उरत नाही. निशाण वाचण्यात तुम्ही चुकलात एवढाच अर्थ. टेकू दिला म्हणून खेळ सोपा झाला असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. अपंग नेमबाजांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही ज्यांना हातांनी रायफलचा भार पेलवत नाही, त्यांना स्प्रिंगच्या आधाराची परवानगी असते. तिथं कुणी ‘यात कसब काय’ असं विचारत नाही.

महाराष्ट्राचं या काडतुसाशी नातं जुनं आणि मानाचं आहे. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकारानं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्या याच पॉइंट टू-टूवर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसला ४५१.४ गुणांनी ब्राँझ मिळवलं, तेही याच काडतुसानं. त्यांच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं. ते टेकूशिवाय खेळतात हे खरं, पण काडतुसाची खेप पारखणं आणि वारा वाचणं या पातळीवर कुणालाच चुकत नाही.

कुणाला हा छंद लावून घ्यावासा वाटला, तर आपल्याकडे वाट क्लबातूनच जाते. पॉइंट टू-टू रायफलीला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि ती वाजवायची ती रेंजवरच. म्हणून आधी आपल्या जिल्ह्याच्या रायफल संघटनेत जावं, दहा मीटरवर एअर रायफल धरून शिस्त शिकावी, नळीचं तोंड कुठं आहे याचं भान अंगवळणी पाडावं. पुढे टेबलाशी बसायची वेळ आली, की महागडी दुर्बीण घेण्याआधी काडतुसांच्या तीन-चार वेगवेगळ्या खेपांची एकेक पेटी घ्यावी. वारा पडलेला असेल अशी सकाळ पाहावी, प्रत्येक खेपेला वेगळा कागद लावावा आणि कागदाच्या कोपऱ्यात पेटीवरचा खेप क्रमांक, तारीख आणि वाऱ्याची दिशा पेन्सिलीनं लिहावी. ते कागद फेकू नयेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)