हा माणूस कुणाचा?

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी कार्तिकी पौर्णिमा येते आणि बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळच्या कपिलधार येथे मन्मथस्वामींची यात्रा भरते. 'परमरहस्य' या ग्रंथाच्या कर्त्या या वीरशैव संतांची समाधी बालाघाटच्या डोंगरात आहे. पावसाळ्यात तेथे मोठा धबधबा कोसळतो. कार्तिकात त्याची धार बारीक होऊ लागते. मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या पायी चालत येतात, डोंगर गजबजून जातो, आणि दोन दिवसांनी पुन्हा निवांत होतो.

नेमक्या याच सुमारास त्याच बालाघाटावरून दुसरी एक चाल निघालेली असते. तिला टाळ नाही, पताका नाही. ट्रक आणि ट्रॅक्टर भरलेले असतात. त्यांत पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, भांडीकुंडी, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली बायामाणसे व पोरे. कुणी बैलगाडी जुंपून निघालेला असतो. ही मंडळी ऊस तोडायला पश्चिमेकडे निघाली आहेत. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी नगरकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. ती परततील चैत्राच्या आगेमागे. आमच्यासारख्या मास्तरांना ही चाल वर्गातच कळते. सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा मागच्या बाकांवर जागा मोकळ्या झालेल्या असतात.

सणासुदीला घरात साखर येतेच. त्या साखरेच्या मुळाशी असलेल्या माणसाविषयी एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. तोडणी करताना त्याच्या पायावर कोयता बसला, फडात त्याला पान लागले, किंवा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना तो खाली पडला, तर त्या दिवशी त्याचा धनी कोण?

शेतकऱ्याला विचारावे तर तो म्हणतो, "ऊस माझा, पण तोडणी कारखान्याची." कारखाना म्हणतो, "आमचा व्यवहार मुकादमाशी." मुकादम म्हणतो, "मी तुमच्यासारखाच गरीब. कारखान्याकडून उचल आणली आणि टोळीला वाटली." तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे आणि म्हणूनच पंचाईत आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकटा असेल तर तो 'अर्धा कोयता'. हिशेब कोयत्याचा होतो आणि कोयत्याला ताप येत नाही, असे धरून चालतात. माणूस जायबंदी होऊन गावी परतला तरी उचल फिटत नाही. ती पुढच्या हंगामावर चढते.

हा प्रकार आजचा नव्हे. त्याचे मूळ शोधायचे तर मुंबईच्या गिरण्यांपर्यंत मागे जावे लागते.

आपल्या देशातला कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये, अशा मोजक्याच गोष्टी त्यात होत्या. पण आरंभ म्हणून तो मोठाच होता. मात्र त्याला दोन दारे उघडी ठेवली होती. शंभरांहून कमी माणसे असली तर कायदा लागू नाही. आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या कारखान्यालाही तो लागू नाही. आपल्या खानदेशातल्या कापसाच्या जिनिंगचा हंगाम थोडक्या दिवसांचा. १८८४-८५ साली मुंबईत फॅक्टरी कमिशन बसले, तेव्हा त्याच्यापुढे या जिनिंगची हकीकत आली: बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होत्या. हंगामी माणसाचेही अंग अंगच असते, हे कायद्याला मान्य व्हायला १९११ साल उजाडावे लागले. तोवर तीस वर्षे उलटून गेली होती.

शंभरांचा आकडाही हळूहळू खाली आला. १८९१ साली तो पन्नासांवर, १९२२ साली विसांवर, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात, जेथे यंत्र विजेवर वा वाफेवर चालते तेथे, दहांवर. ही पायरी पायरी उतरण्याची वाट सदुसष्ट वर्षांची आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांसारख्यांनी तिच्यासाठी सभा भरवल्या, अर्ज केले. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली तीही अशाच खटपटीने.

तिसरे दार मात्र उघडेच राहिले. ते मध्यस्थाचे. गिरणीत माणूस भरायचा तो जॉबर. बायकांच्या खात्यात नायकीण. कामावर घेणे त्याच्या हाती, काढणेही त्याच्याच हाती, आणि बदली कामगाराने तर रोज सकाळी फाटकाशी उभे राहून त्याच्याच तोंडाकडे पाहायचे. व्हिटलीसाहेबांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ साली या जॉबरशाहीवर बोट ठेवले आणि नेमणुकीचे अधिकार त्याच्या हातून काढावेत असे सुचवले. आपले ना. म. जोशी त्या कमिशनचे सभासद होते. त्याआधीच, १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात एक शहाणपणाचे कलम आले होते: आपल्या धंद्याचे नेहमीचे काम एखाद्याने ठेकेदाराकडून करवून घेतले, तरी अपघाताची भरपाई मूळ मालकाने द्यावी, आणि मग हवी तर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. मध्ये कुणीही उभा असो, दुखापतीचे देणे कामाच्या धन्याकडे जाते, हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे.

आता पुन्हा उसाकडे वळू. लोणीला प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे-पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. शेतकरी स्वतः कारखानदार झाला, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली अभिमानाचीच गोष्ट आहे. आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात. पण ऊस वाढला पाटपाण्यावर, आणि तोडणारे हात आले पावसाने पाठ फिरवलेल्या बालाघाटावरून. १९७२ च्या दुष्काळाने तर कितीकांची जमिनीवरची आशाच तोडली.

दसऱ्याच्या सुमारास कारखान्यात बॉयलर पेटवण्याचा समारंभ होतो, मोळीची पूजा होते. त्या बॉयलरची तपासणी ठरलेली, गव्हाणीजवळच्या यंत्राला कठडा ठरलेला, आतल्या कामगाराला विमा, दवाखाना, नोंदवही सारे ठरलेले. तीच मोळी जिने बांधली ती बाई मात्र फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहते. तिथे न्हाणी नाही, संडास नाही. पाणी मिळेल तेथून आणायचे. पहाटे काळोखात कोयता हाती घ्यायचा, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घ्यायची, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस आजारपणात गेला की 'खाडा'.

याचा परिणाम काय झाला ते २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राला कळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. बहुतेक शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झालेल्या होत्या. एका खाड्याला पाचशे रुपये कापल्याच्या तक्रारीही त्या वेळी छापून आल्या. मासिक पाळीचे दुखणे अंगावर काढायचे, अस्वच्छतेने ते बळावायचे, डॉक्टरने कॅन्सरची भीती घालायची, आणि खाडा परवडत नाही म्हणून बाईने पिशवीच काढून टाकायची, अशी ती साखळी होती. याच मुंबई इलाख्यात कारखान्यातल्या बाईसाठी बाळंतपणाचा कायदा १९२९ साली झाला होता, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

उपाय नव्हताच असे नाही. याच महाराष्ट्राने तो करून दाखवला आहे. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा हमालही असाच कुणाचाच नव्हता. आज या गोदामात, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी होती. हमालाचे नाव मंडळात नोंदवायचे, व्यापाऱ्याचेही नोंदवायचे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक पट्टी मंडळात भरायची. भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार, अपघाताची भरपाई यांची व्यवस्था मंडळाने पाहायची. धनी रोज बदलला तरी हमाल मंडळाचा राहिला.

उसाच्या फडापर्यंत हे शहाणपण पोहोचले नाही. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा आला. ठेकेदाराने सोयी केल्या नाहीत तर मूळ मालकाने कराव्यात, असे त्यात होते. १९७९ साली दुसऱ्या राज्यात कामाला जाणाऱ्यांसाठी कायदा आला. त्यात राहण्याची जागा आणि औषधपाणी यांचा उल्लेख होता. म्हणजे बीडचा माणूस बेळगावकडे गेला तर कायद्याच्या छायेत, आणि कोल्हापुराकडे गेला तर उन्हात! अलीकडे गोपीनाथ मुंड्यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ झाले. टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारने द्यावेत असे ठरले. हे माथाडीच्या वाटेवरचे पाऊल खरे. तरीही बोलणी बसतात ती मुख्यतः दरावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, मुकादमाचे कमिशनही वाढले. ते योग्यच झाले. पण कोपीत संडास कुणी बांधायचा, हे त्याने ठरत नाही.

आता १९४८, १९७० आणि १९७९ चे हे कायदे एकत्र करून संसदेने २०२० साली सुरक्षा व आरोग्याची नवी संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यात यंत्रावर चालणाऱ्या कारखान्याचा आकडा दहांवरून विसांवर गेला आहे, आणि कंत्राटी कामगारांचा विसांवरून पन्नासांवर. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस-तीस माणसे. आजोबांच्या पिढीने पायरी पायरी उतरून आणलेला आकडा पुन्हा वर चढताना पाहून इतिहास वाचणाऱ्याला चिंता वाटते.

पण याच संहितेत एक लहानसे कलम आहे, ते जपण्यासारखे आहे. ज्याला कामावर घ्याल त्याला लेखी नेमणूकपत्र द्या, असे ते सांगते. आज फडावरच्या माणसाच्या नावाने एखादा कागद असलाच तर तो उचलीचा. त्यात त्याने किती घेतले ते असते, त्याला काय झाले तर कोण पाहील ते नसते. ज्या परंपरेत मन्मथस्वामी झाले, तिने कायकाला, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाला, पूजेचा मान दिला. त्या मानाने कोयत्याची जखम भरत नाही. तिला दवाखाना लागतो, आणि दवाखान्याचे पैसे भरणारा कुणीतरी लागतो. पुढच्या कार्तिकात बालाघाट उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या आणि बाप्याच्या पेटीत असे एक पत्र असावे, त्यावर कारखान्याचे नाव आणि शिक्का असावा. मग हा माणूस कुणाचा, हे विचारायला कुणी मुकादमाच्या दारी जाणार नाही.