खापरावरचे मांडे

कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राज्यकारभारापासून गजविद्येपर्यंत नाना विषयांचा परामर्श घेतला, त्याच ग्रंथात तापलेल्या खापरावर भाजावयाच्या मंडकांचे वर्णन करण्यात त्यास कमीपणा वाटला नाही. आणि तेच नाव ‘मांडे’ या रूपाने खानदेशातील सुगरणींच्या चुलीपाशी आजही नांदते आहे. सैल, चिवट कणकेत पुरण भरून, ती पोळी दोन्ही हातांवर झुलवीत झुलवीत हातभर रुंद करून पालथ्या खापरावर अलगद टाकणे, हे कसब लाटण्यावाचून पाऊल न टाकणाऱ्या आम्हां लोकांस निव्वळ जादूच वाटावी! अर्थात हा थाट सणासुदीचा. एरवी ज्यास तो परवडत नसे त्याने मनातच मांडे खाल्ले आणि ताटात ज्वारीची भाकरी व पिठले घेतले. मौज अशी, की ज्या मिरचीवाचून हे अस्सल गावरान पिठले आपणांस गोड लागत नाही, ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून परमुलखाहून आलेली. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यातील जिनसांत तिचा मागमूस नव्हता, तिखटाचा अंमल तेथे मिरे आणि आले यांच्याकडेच होता.