राजूरमध्ये तीन तास

राजूर म्हटलं की आपल्या ट्रेकर जमातीला दोनच गोष्टी आठवतात: पेढे आणि "इथून रस्ता कुठे वळतो हो?" रतनगडाला जा, हरिश्चंद्रगडाला पाचनईवरून जा, नाहीतर कळसूबाईला.. राजूर बऱ्याचदा वाटेत लागतंच. थांबणं मात्र चहापुरतं. या शनिवारी टीममधल्या मित्राला म्हटलं, आज गड नाही, आज राजूर.

"बघायचंय काय पण तिथे?"

प्रश्न रास्त होता. ना किल्ला, ना लेणी. बाजारपेठ, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, आणि हिवाळ्यात जिथे डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं ते गाव. (डांगी म्हणजे मुसळधार पावसात टिकणारा बैल. कातडीच तेलकट, त्यामुळे अंगावर पाणी ठरत नाही. रेनकोट इनबिल्ट!)

पण याच मुलखात देवगाव आहे, राघोजी भांगरे यांचं गाव. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि गडकोटांच्या राखणीवर जगणाऱ्या महादेव कोळ्यांची चाकरी, हक्क हळूहळू गेले. सारा मात्र रोख भरायचा. रोकड आणायची कुठून? सावकाराकडून. मग जमीन त्याच्या वहीत. १८४० च्या दशकात राघोजी बंडात उतरले आणि त्यांच्या माणसांनी सावकारांची नाकं-कानं कापली. १८४८ च्या जानेवारीत ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.

पेढे खाता खाता मित्र म्हणाला, "नाकं कापणारा माणूस हिरो कसा रे?"

मला वाटतं, प्रश्न हिरोचा नाहीच. इंग्रजांनी हे सगळं दरोडेखोरीच्या खात्यात टाकलं, म्हणजे लक्षण नोंदवलं आणि मूळ बग तसाच ठेवला. तो पुन्हा वर आलाच! १८७५ मध्ये सुप्याला आणि मग पुणे-नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. तेव्हा कुठे सरकार हललं आणि १८७९ मध्ये कायदा आला. राघोजींच्या फाशीनंतर तब्बल ३१ वर्षांनी.

गोष्ट इथे संपत नाही. राजूरच्या पश्चिमेला, थोड्याच अंतरावर भंडारदरा धरण आहे. १९१० मध्ये काम सुरू, १९२६ मध्ये पूर्ण. उंची ८२ मीटर, पाणी सुमारे ११ टीएमसी. हे पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे जातं. तिथे ऊस झाला, आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. सावकाराला दिलेलं खरं उत्तर ते होतं: आपलं भांडवल आपणच जमवायचं.

फक्त ते उत्तर खालच्या अंगाला मिळालं. पाऊस पडतो वर, जमिनी बुडाल्या वर, आणि कालवे वाहतात खाली.

मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे नाकं कापली गेली ती वर, आणि कारखाना निघाला खाली."

एवढंच. पुढच्या वेळी भंडारदऱ्याला काजवे बघायला निघालात, तर राजूरला चहापेक्षा थोडं जास्त थांबा. पेढे आहेतच. पण समोरून जाणारं पाणी कुणाच्या डोंगरातून येतं आणि कुणाच्या शेतात जातं, हेही बघा.