ट्रायडेंट: उशिरा आलेल्या यंत्राची मोहिनी

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत फटफटीचा इतिहास कशाला, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्या कारणांनीं राज्यें बुडतात त्याच कारणांनीं कारखानेहि बुडतात. आणि बुडालेल्या राज्याचा एखादा दुर्ग जसा वाटसराला शतकांनंतरहि थांबवितो, तसें बुडालेल्या कारखान्याचें एखादें यंत्रहि थांबवितें. इंग्लंडांतील ट्रायंफ कारखान्याची 'ट्रायडेंट' आणि तिची जुळी बहीण, बी.एस.ए. कारखान्याची 'रॉकेट थ्री', या तीन सिलिंडरांच्या मोटारसायकली अशा यंत्रांपैकीं होत. १९६८ सालीं त्या बाजारांत आल्या, आणि सात वर्षांत त्यांचा खेळ आटोपला. तरी त्यांचें वेड अद्यापि ओसरलेलें नाहीं. हें वेड कशाचें, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

इंग्रजी मोटारसायकलीचें वैभव दोन सिलिंडरांवर उभें होतें. १९३७ सालीं एडवर्ड टर्नर या कल्पक अभियंत्यानें ट्रायंफची 'स्पीड ट्विन' काढली. तिच्या ५०० सी.सी.च्या एंजिनांत दोन पिस्टन शेजारीं शेजारीं एकदमच वर जात आणि एकदमच खालीं येत. रचना सुटसुटीत, खर्च बेताचा आणि रूप देखणें. त्यामुळें इतर कारखान्यांनींहि तिचाच कित्ता गिरविला. परंतु दोन पिस्टन एकाच वेळीं उसळले म्हणजे जो हादरा बसतो, तो एंजिन वाढवावें तसा वाढत जातो. ५०० चें एंजिन ६५० चें झालें, तेव्हां स्वाराच्या हातांना मुंग्या येऊं लागल्या. आणि अमेरिकेंतील गिऱ्हाईक तर याहूनहि अधिक शक्ति मागत होतें.

यावर बर्ट हॉपवुड आणि डग हील या दोघा अभियंत्यांनीं तोड काढली ती तिसऱ्या सिलिंडराची. क्रँकशाफ्टावरील तीन क्रँक एकमेकांपासून १२० अंशांवर ठेवावयाचे, म्हणजे एक पिस्टन माथ्यावर असतां उरलेले दोघे त्याचा तोल सांभाळतात, आणि शाफ्टाच्या दर २४० अंशांच्या फेऱ्याला एक स्फोट होतो. हादरा अजिबात नाहींसा होत नाहीं. पण पुष्कळच निवतो. हें सारें मात्र जुन्या चाकोरींतून करावयाचें होतें. तो शाफ्ट आधीं सपाट घडवीत, मग पुन्हां तापवून पिळीत, आणि अशा रीतीनें तिन्ही क्रँक आपापल्या कोनांत आणीत. व्हाल्व्ह उघडण्यास टर्नरच्या काळच्याच उभ्या सळ्या होत्या, आणि एंजिनाचें कवच अनेक तुकडे जोडून केलेलें होतें. घरांत असलेल्या सामानांतच सुगरणीनें पाहुण्यांचें जेवण उरकावें, तसा हा प्रकार होता. असें असूनहि त्या ७४० सी.सी.च्या एंजिनांतून ५८ अश्वशक्ति निघाली, आणि गाडी ताशीं ११५ मैलांच्या पुढें धांवूं लागली.

येथेंच दैवानें, किंवा खरें बोलावयाचें तर कारभाऱ्यांनीं, घात केला. नमुन्याचें यंत्र १९६५ सालींच रस्त्यावर धांवत होतें. तें तसेंच विक्रीस काढलें असतें, तर जगांत त्याला जोड नव्हती. पण ट्रायंफ ही त्या काळीं बी.एस.ए.च्या मालकीची होती, आणि मालक कारखान्यालाहि आपली निराळी गाडी हवी होती. म्हणून त्याच एंजिनाचे सिलिंडर पुढें कलते करून दुसरा प्रकार सिद्ध करण्यांत आला. पुढें रूप नवें हवें म्हणून 'ओगल' नांवाच्या आरेखन-संस्थेकडे काम सोंपविलें. तिनें चौकोनी टांकी आणि चपटे, टोंकाशीं तीन नळ्यांचे सायलेन्सर दिले. अमेरिकेंतील लोकांना ते रुचले नाहींत, आणि लौकरच जुन्या वळणाची टांकी परत आणावी लागली. या घोळांत अमोल वर्षें गेलीं.

१९६८ च्या सप्टेंबरांत या गाड्या जाहीर झाल्या. पुढच्याच महिन्यांत टोकियोच्या प्रदर्शनांत होंडानें चार सिलिंडरांची 'सीबी ७५०' मांडली. तिला बटण दाबतांच सुरू होणारा स्टार्टर होता, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, गिअर पांच होते. ट्रायडेंटला लाथ मारून सुरू करावें लागे. तिचा ब्रेक ड्रमचा आणि गिअर चार. पांच गिअर, डिस्क ब्रेक आणि शेवटीं स्टार्टर, या गोष्टी तिला एकामागून एक मिळाल्या. त्यांपैकीं स्टार्टर तर १९७४ च्या अखेरीस 'टी १६०' निघाली तेव्हां. तोंवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानांत गेलें होतें.

बाजारांत हरलेलें हें यंत्र शर्यतींत मात्र गाजलें. १९७० सालीं डेटोनाची दोनशें मैलांची शर्यत डिक मान यानें होंडावर बसून जिंकली. आणि दुसऱ्याच वर्षीं तीच शर्यत त्याच मानानें बी.एस.ए.च्या तीन सिलिंडरांवर जिंकली, तेव्हां जीन रोमेरो हा ट्रायंफवर दुसरा आला. त्याच १९७१ सालीं मॅलरी पार्क येथें जॉन कूपर यानें बी.एस.ए.वर जगज्जेत्या अगोस्तिनीला थोडक्यांत मागें टाकलें. या सर्वांहून लोकप्रिय झाली ती एक ट्रायडेंट. १९७० सालच्या फ्रान्समधील चोवीस तासांच्या बोल दॉर शर्यतींत तिनें आपल्या स्वारांना तेलानें न्हाऊं घातलें, म्हणून तिचें नांव 'स्लिपरी सॅम', म्हणजे निसरडा सॅम, असें पडलें. त्याच सॅमनें १९७१ पासून १९७५ पर्यंत आइल ऑफ मॅन बेटावरील प्रॉडक्शन टी.टी. ही शर्यत लागोपाठ पांच वेळां जिंकली. २००३ सालीं बर्मिंगहॅमजवळील संग्रहालयाला आग लागली, तींत सॅम जळाला. पण हौशी लोकांनीं त्याला पुन्हां उभा केला. निर्जीव लोखंडासाठीं माणसें उगीच एवढा खटाटोप करीत नाहींत.

दरम्यान घर कोसळत होतें. बी.एस.ए. डबघाईस आली. १९७३ सालीं नव्या मालकांनीं मेरिडनचा ट्रायंफ कारखाना बंद करण्याचें ठरवितांच कामगारांनीं तो अडवून धरला. ट्रायडेंटचें काम बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यांत हलवावें लागलें, आणि १९७५ च्या अखेरीच्या सुमारास तें थांबलें.

कांहीं वर्षांपूर्वीं इंग्लंडांत असतां एका खेड्यांतील खाणावळीपुढें आम्हीं ही गाडी पाहिली. तिच्या वृद्ध मालकानें एका लाथेंत ती सुरू केली. प्रथम एक खरखरीत गुरगुर उठली. आणि गाडी वळणापलीकडे गेली तेव्हां त्या गुरगुरीचें एका चढत्या, ताणलेल्या स्वरांत रूपांतर झालें. खाणावळींतील सर्व मंडळी बोलणें थांबवून ऐकत होती. त्या स्वराचें कारण त्या १२० अंशांतच आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. तरी ठाऊक असल्यानें ऐकण्याची गोडी उणी झाली नाहीं.

तथापि अशा वेळीं मनाला एक लगाम घालावा लागतो. पराभूताचें कौतुक करतां करतां आपण पराभवाचेंच कौतुक करूं लागतों. जपान्यांनीं इंग्रजांना कपटानें हरविलें नाहीं. त्यांचें यंत्र बहुतेक बाबतींत सरस होतें, आणि तें वेळेवर आलें. टर्नरनें १९६० सालींच जपानी कारखाने स्वतः पाहिले होते; म्हणजे धोक्याची वार्ता नव्हती असें नाहीं. ट्रायडेंटच्या मोहिनीचा अर्थ आमच्या मतें इतकाच, कीं कारभाऱ्यांच्या दिरंगाईंतहि कारागिरांनीं आपलें काम चोख केलें, आणि तें काम आजहि कानांना ऐकूं येतें. ज्याचा दोष त्याच्या पदरांत घालावा, आणि ज्याचा मान त्याला द्यावा. एवढा विवेक राहिला तर हें वेड निर्दोष आहे.

तीन सिलिंडरांचा विचार मात्र बरोबर होता, हें काळानेंच सिद्ध केलें. जॉन ब्लूर यांनीं ट्रायंफ हें नांव विकत घेऊन १९९१ सालीं हिंकली येथें नव्यानें काढलेल्या गाड्यांत तीन सिलिंडरांची ट्रायडेंट पुन्हां अवतरली. आणि २०१९ पासून मोटो-टू या जागतिक शर्यतीसाठीं ट्रायंफचेंच तीन सिलिंडरांचें एंजिन निवडण्यांत आलें. बी.एस.ए.चें नांव २०१६ सालीं महिंद्रांच्या एका कंपनीकडे आलें. आणि २०२३ पासून ट्रायंफच्या एक सिलिंडरी गाड्या पुण्याचे बजाज आपल्या चाकणच्या कारखान्यांत घडवूं लागले. याच चाकणच्या किल्ल्यांत १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने थोपवून धरलें, आणि अखेर किल्ला गेला. किल्ला गेला म्हणून आपण फिरंगोजीला विसरलों नाहीं. आणि फिरंगोजी आठवतो म्हणून किल्ला गेला नाहीं, असेंहि कधीं म्हटलें नाहीं.