मित्रकीटक दुसऱ्यांदा का शोधावा लागला?

हदगावात टोमॅटोच्या किडींवर बोलायचं, तर औषधाचं नाव सांगा, इतिहास कशाला, असं कुणी म्हणेल. पण आज शेडनेटमध्ये आपल्याला पडलेला प्रश्न शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या शेतकऱ्यांनाही पडला होता. त्यांना उत्तर सापडलं, त्यांनी ते सोडलं आणि पुन्हा शोधलं.

१९२६ साली इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये काचघरातल्या टोमॅटोवर पांढऱ्या माशीची काही पिल्लं काळी पडलेली दिसली. चेझंटच्या संशोधन केंद्रात स्पेयर यांनी ती तपासली. आत एन्कार्सिया नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी कीटकाची अळी वाढत होती. हा कीटक पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालतो आणि त्याची अळी ते पिल्लू आतून खाते. केंद्राने हे कीटक वाढवून बागायतदारांना द्यायला सुरुवात केली. काही वर्षांतच वर्षाला सुमारे १५ लाख कीटक जाऊ लागले.

मग महायुद्ध संपलं, डीडीटी आलं आणि हे वाटप बंद पडलं. मित्रकीटक हरला होता का? नाही. फवारा सोपा वाटला, एवढंच.

पण किडी औषधाला सरावल्या. लाल कोळी आटोक्यात येईना. १९६७ मध्ये हॉलंडमधल्या यान कोपर्ट या काकडी उत्पादकाने कोळी खाणारे मित्रकोळी विकायला सुरुवात केली. १९८७ च्या सुमारास परागीभवनासाठी टोमॅटोच्या काचघरांत भुंगे सोडू लागले. विषारी फवाऱ्याने भुंगेच मरणार, म्हणून फवाऱ्यावरचा हात आपोआप आखडला.

आपल्याकडेही हे घडलंय. २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी मोठी साथ दिली. २०१४ मध्ये पुणे भागात टुटा ही टोमॅटोची पानं-फळं पोखरणारी अळी आली. तिच्यासाठी बारीक जाळी, दुहेरी दार, कामगंध सापळे, पोखरलेली पानं खुडून नष्ट करणं, ५ टक्के निंबोळी अर्क, ही सगळी कामं आपल्या हातातली आहेत. मात्र ती कीड दिसायच्या आधी सुरू करावी लागतात. पीक पोखरून झाल्यावर सापळे लावून काय उपयोग?

आता जवळची गोष्ट. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. २०१७ मध्ये तिथे कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-मजूर गेले. ती तर उघडी शेतं होती. शेडनेटमध्ये चारही बाजूंनी जाळी असते. तिथे फवारा मारला की मित्रकीटकही आत आणि पंप पाठीवर घेतलेला आपला माणूसही आतच.

म्हणून मंडळी, पुढच्या लागवडीला आधी जाळीची भोकं बुजवू, सापळे टांगू आणि पंपाला शेवटी हात लावू. इंग्लंडला दोनदा शिकावं लागलं, आपण एकदाच शिकू.