मासिकांचें कोठार



दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत टपालवाला आमच्या दाराशीं आला, कीं माझ्या मनांत आनंद आणि धास्ती हीं दोन्ही एकदमच उत्पन्न होतात. नवीं मासिकें आलीं म्हणून आनंद. मागील महिन्याचे अंक अद्याप वेष्टनांतच आहेत म्हणून धास्ती. शाळेंतून निवृत्त झाल्यावर वाचनास सवडच सवड मिळेल, या भरवशावर मीं सात मासिकांची वर्गणी भरली. सवड मिळाली, परंतु डोळे लवकर थकूं लागले. आतां कपाटावरील तो गठ्ठा पाहिला कीं न तपासलेल्या वह्यांची आठवण होते.

हें दुःख आपल्याच काळाचें, असें मला वाटे. परंतु इतिहास चाळूं जातां दिसतें कीं, तें निदान साडेतीनशें वर्षांचें जुनें आहे. आणि मौज अशी कीं, कित्येक नियतकालिकें या दुःखावरील औषध म्हणूनच जन्मास आलीं.

1665 सालच्या जानेवारींत पॅरिस येथें देनी द साल्लो या गृहस्थानें ‘जूर्नाल दे साव्हां’ हें पत्र काढलें. नवे ग्रंथ समग्र वाचण्यास ज्यांना सवड नाहीं, त्यांना त्यांचा गोषवारा मिळावा हा एक हेतु. पुढें 1731 सालीं लंडनमध्यें एडवर्ड केव्ह यानें ‘जंटलमन्स मॅगझिन’ सुरू केलें. आरंभींच त्यानें हिशेब मांडला: एकट्या लंडनांत दरमहा निदान 200 अर्धे ताव छापून बाहेर पडतात, आणि बाहेरगांवीं जवळजवळ तितकेच. ज्यानें तोच धंदा पत्करलेला नाहीं, त्याला ते सारे पाहणें अशक्य. म्हणून त्यांतील निवडक मजकूर त्यानें एका जागीं आणला आणि त्या संग्रहास ‘मॅगझिन’ म्हटलें. या शब्दाचा मूळ अर्थ कोठार. तो अरबी भाषेंतून युरोपांत गेलेला आहे.

औषध गुणकारी ठरलें; परंतु पुढच्याच वर्षीं, 1732 मध्यें, प्रतिस्पर्ध्यांनीं ‘लंडन मॅगझिन’ काढलें, आणि वाचकापुढें एकाऐवजीं दोन कोठारें उभीं राहिलीं!

दीडशें वर्षांनंतर हीच कथा पुनः घडली. मासिकें इतकीं वाढलीं कीं 1890 सालीं विल्यम स्टेड यानें ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’, म्हणजे मासिकांचा सारांश देणारें मासिक, काढलें. त्याचा भागीदार जॉर्ज न्यून्स कांहीं महिन्यांतच वेगळा झाला, आणि 1891 सालीं त्यानें ‘स्ट्रँड’ हें आणखी एक नवें मासिक सुरू केलें. इकडे स्टेडच्या सारांशाच्याही अमेरिकेंत 1891 मध्यें व ऑस्ट्रेलियांत 1892 मध्यें स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या. वाचकाचा भार हलका करावयास निघालेला प्रत्येक जण त्या भारांत आपली भर घालून गेला!

आपल्याकडे मात्र आरंभीं दुष्काळच होता. 6 जानेवारी 1832 रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ काढलें. 1840 सालीं त्यांनींच ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केलें. 1874 पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाले’चे 84 अंक काढले, ते जवळजवळ एकहातीं. महिन्यास असा एक अंक हातीं येई, त्या काळचा वाचक तो पुरवून पुरवून वाचीत असला तर नवल नाहीं. पुढें 1909 सालीं ‘मनोरंजन’कारांनीं दिवाळी अंक काढला, आणि फराळाबरोबर अंकांची रास घरांत येण्याची प्रथा पडली.

मग वर्गण्या बंद कराव्या काय? येथेंच माझा हात अडखळतो. ‘मनोरंजन’ 1935 सालीं बंद पडलें. 1867 पासून चाललेला ‘विविधज्ञानविस्तार’ 1937 सालीं थांबला, आणि ‘सत्यकथा’ 1982 सालीं. प्रत्येकाचीं कारणें निराळीं असतील. परंतु वर्गणीदारांवांचून कोणतेंही मासिक जगत नाहीं, हें उघड आहे. मजसारख्या प्रत्येक थकलेल्या वाचकानें हात आखडला, तर उद्यांच्या ताज्या डोळ्यांस वाचावयास काय उरेल?

परवां ही विवंचना मीं घरांत बोलून दाखविली. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, धान्य साठवून ठेवलें तर त्याला सोंडेच लागायचे. खायचें तेवढें काढून घ्या, बाकीचें वांटा.” केव्हचें नांव त्यांनीं ऐकलेलेंही नाहीं, परंतु त्याच्या शब्दाचें मर्म त्यांनींच मला समजाविलें. कोठार कोणी एका बैठकींत खाऊन संपवीत नाहीं. तें भरलेलें असावें, आणि त्यांतून रोजचा शिधा निघावा.

तेव्हां मीं आतां असें ठरविलें आहे: वर्गणी सातांचीही चालू, प्रत्येक अंकांतला एकच लेख, परंतु तो शेवटपर्यंत आणि सावकाश, आणि महिना उलटतांच अंक गल्लींतल्या वाचनालयांत. गेल्या शनिवारीं पहिला गठ्ठा पोंचविला. मीं वेष्टनही न फोडलेला एक अंक तेथें एक मुलगी उभ्या उभ्याच वाचूं लागली, आणि माझ्या डोक्यावरचें मोठें ऋण उतरलें.