मराठवाड्यातील डावी चळवळ

मराठवाड्यातील डावी चळवळ : हैदराबाद संस्थानातील सरंजामशाहीविरोधी लढ्यातून घडलेली व पुढे जमीन, मजुरी आणि सामाजिक समता या प्रश्नांभोवती विस्तारलेली राजकीय चळवळ. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात औरंगाबादचे (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालयीन विद्यार्थी उतरले. याच शहराशी निगडित असलेले गोविंदभाई श्रॉफ पुढे स्टेट काँग्रेसमधील डाव्या गटाचे नेते झाले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली. १९४९ मध्ये जहागिरदारी रद्द झाली, तर १९५० च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण दिले. तथापि भूमिहीन शेतमजुरांचा प्रश्न शिल्लकच राहिला. १९५२ च्या निवडणुकीत राज्यातील कम्युनिस्टांनी पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटतर्फे विधानसभेच्या ४२ जागा जिंकल्या. त्यांचे मुख्य बळ तेलंगणात होते. मराठवाड्यात मात्र बीड लोकसभा मतदारसंघाने या फ्रंटचा उमेदवार निवडून दिला. १९६४ मध्ये सोव्हिएट-चिनी मतभेदांच्या पार्श्वभूमीवर भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला. तरीही बीडमधून १९६७ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील व १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे विजयी झाले.

१९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत होताच दलित वस्त्यांवर हल्ले झाले. अल्पभूधारक शेतकरी व दलित शेतमजूर यांचे आर्थिक हितसंबंध अनेक बाबतींत समान असूनही जातिभेदामुळे त्यांची एकजूट टिकत नाही, हे त्यातून दिसून आले. १९९४ मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला. वर्ग व जात यांची सांगड घालणे, हाच या चळवळीपुढील सर्वांत कठीण प्रश्न ठरला.